बॉल पायथनचं नवं पिल्लू आणलंय, पेटीत रुळत नाहीये (कोल्हापूर)

बोळातला_बंड्या

नमस्कार मंडळी. महाद्वार रोडच्या मागं एका बोळात आमचं जुनं दुमजली घर आहे. गेल्या आठवड्यात बॉल पायथनचं, म्हणजे एका परदेशी अजगराचं, पिल्लू आणलं. हातभर लांब, अंगठ्याएवढं जाड. देणारा म्हणाला, "एकदम शांत आयटम आहे, गळ्यात घालून फिर."

दोन फुटी काचेच्या फिशटँकमध्ये ठेवलाय, वर जाळीचं झाकण. खाली कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाण्याचं भांडं, मधोमध प्लास्टिकचं झाड, एका कोपऱ्यात हीट मॅट. टँक हॉलमध्ये टीव्हीशेजारी आहे, कारण मोकळा प्लग तिथंच होता.

दिवसभर तो पाण्याच्या भांड्यामागं गोळा होऊन बसतो. रात्री काचेला नाक घासत या टोकाकडून त्या टोकाकडं फिरत राहतो. परवा पिंकी दिली, म्हणजे केस न आलेलं उंदराचं पिल्लू. ढुंकून बघितलं नाही. हात आत घातला की डोकं अंगाच्या वेटोळ्यात खुपसतो. मित्र रोज बघायला येतात, त्यांच्यासमोर तर अजिबात हलत नाही. आजी सारखी म्हणते, "उपाशी मारशील रं त्या जिवाला, पाप लागंल." काय चुकतंय?

तांबडा_पांढरा

नाद खुळा! फोटो टाक की भावा.

कवड्या

फोटो नंतर. आधी कागद. मी इथं साप पकडून सोडायचं काम करतो, त्यामुळं हा प्रश्न पहिला.

नाग, धामण, तस्कर, मांडूळ, आपला अजगर, यातला कुठलाही देशी साप घरात ठेवणं गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी, म्हणून पाळता येतो, पण तो साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्या दुरुस्तीनं साइट्सच्या यादीतले प्राणी अनुसूची चारमध्ये आणले. पुढं फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम निघाले. असा प्राणी ताब्यात आला की तीस दिवसांच्या आत परिवेश २.० या पोर्टलवर नोंद करावी लागते. पिल्लं झाली, मेला, दुसऱ्याला दिला, तरी कळवावं लागतं. विकणाऱ्यानं दिलेली पावती म्हणजे नोंदणी नव्हे. पुष्कळ पोरं तिथंच फसतात.

आणि कधी कंटाळा आला तर पन्हाळ्याच्या जंगलात नेऊन सोडायचा विचारसुद्धा करू नकोस. असे फोन मला आलेत म्हणून सांगतोय.

बोळातला_बंड्या

पावती आहे, नोंद केलेली नाही. तीस दिवस व्हायचेत अजून. आज रात्री बसतो.

उद्यमनगरी_फिटर

बंड्या, तुझ्या सापाला रोग नाही, लपायला जागा नाही. बाकी सगळं त्यातून आलंय.

हा प्राणी पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन इथून जगभर गेला. तिकडं त्याचा दिवस जातो उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात. अंगाला सगळीकडून माती टेकलेली, काळोख, कुणाची ये-जा नाही. तू त्याला टीव्हीच्या उजेडात, चारी बाजूंनी काच असलेल्या जागी बसवलंयस आणि वर रोज पाहुणे. पाण्याच्या भांड्यामागं का बसतो? कारण अंग टेकवायला तेवढीच एक आडोशाची जागा सापडली. रात्रभर नाक घासत फिरतो ते व्यायामासाठी नाही, बाहेर पडायची वाट शोधतोय. असंच चालू राहिलं तर नाक सोलपटतं.

आधी टँक तिथून उचल. माणसं कमी फिरतात अशी खोली बघ. दारामागं नको, कारण दार आपटलं की हादरा थेट पेटीत. सापाला बाहेरून कान दिसत नाहीत म्हणून तो बहिरा असं लोक समजतात. जमिनीतून आलेला हादरा जबड्याच्या हाडावाटे आतल्या कानापर्यंत जातो, आणि हवेतले खालच्या पट्टीतले आवाजही त्याला कळतात. टीव्हीशेजारी तो दिवसभर सिरियल ऐकतोय असं धर.

मग तीन बाजूंना बाहेरून काळा कार्डपेपर चिकटव. एवढ्यानंसुद्धा फरक पडतो.

आता हाइड, म्हणजे लपायची गुहा. दोन पाहिजेत, एक गरम बाजूला, एक गार बाजूला, आणि दोन्ही शक्यतो सारख्याच. एकच ठेवली तर त्याला ऊब आणि आडोसा यांत निवड करावी लागते आणि तो नेहमी आडोसा निवडतो, मग गारठून का बसेना. महागातली गुहा घ्यायची गरज नाही. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत जा, लहान कुंड्या मिळतील. कडेला तोंडापुरती खाच पाडायची, धार पॉलिश पेपरनं घासून काढायची आणि उपडी ठेवायची. आकार मात्र घट्ट हवा. वेटोळं घालून बसला की पाठ आणि कुशी भिंतीला लागल्या पाहिजेत. नवी माणसं मायेनं मोठी गुहा आणतात आणि साप त्यात उघड्यावर बसल्यासारखा बसतो. तुझ्या पिल्लाला सध्या नारळाची मोठी करवंटीसुद्धा पुरेल.

मोकळी जागा पानं, कागदी पुठ्ठ्याच्या नळ्या, फांद्या टाकून भरून काढ. गार बाजूच्या हाइडपासून गरम बाजूच्या हाइडपर्यंत उघड्यावर न येता जाता आलं पाहिजे, हा माझा नियम.

हीट मॅटला थर्मोस्टॅट आहे का? तू लिहिलं नाहीस, म्हणजे नसणार.

बोळातला_बंड्या

नाही. दुकानदार म्हणाला मॅट ऑटोमॅटिक आहे.

उद्यमनगरी_फिटर

तर आत्ता प्लग काढ, मग पुढं वाच.

नियंत्रण नसलेली मॅट काचेखाली इतकी तापते की पोट भाजतं, आणि साप चटका बसला म्हणून झटकन बाजूला होईलच असं नाही. उबवणीच्या पेट्यांना पोल्ट्रीवाले डिजिटल थर्मोस्टॅट लावतात, तो चालतो. प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोक, मॅट आणि काच यांच्या मध्ये चिकटव, आत मोकळा सोडलास तर साप ढकलतो, मग मॅट वेड्यासारखी तापत राहते. गरम हाइडच्या आत ३१ ते ३३ अंश, गार बाजूला २५ ते २७, रात्री २४ च्या खाली नको. काचेवर चिकटवायचा घड्याळासारखा गोल मीटर टाकून दे, तो काचेचं तापमान सांगतो. प्रोबवाला डिजिटल घे.

रायडर_९

एवढं डोकं लावायची गरज नाही. माझ्या भावानं ठेवला होता. रोज अर्धा तास हातात घ्यायचा, दोन आठवड्यांत माणसाळतो. घाबरट साप म्हणजे मालक घाबरट.

घाटावरची_वैद्य

रायडर, तुमच्या भावाच्या सापाबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण हा सल्ला नव्या पिल्लाला देऊ नका.

मी पशुवैद्य आहे. माझ्याकडं येणाऱ्या 'खात नाही' तक्रारीतले बरेच साप आजारी नसतात, त्यांना हाताळून हाताळून दमवलेलं असतं. सापाला तुमच्याबद्दल माया उत्पन्न होत नाही. या वस्तूपासून धोका नाही एवढं तो शिकतो, आणि ते शिकायला आधी त्याच्या अंगातला ताण उतरावा लागतो. हातात घेतल्यावर तो हलत नाही याला लोक 'माणसाळला' म्हणतात. बऱ्याचदा तो भीतीनं थिजलेला असतो. घाबरला की गोळा होतो म्हणून तर त्याला बॉल पायथन म्हणतात.

बंड्या, आल्यापासून किमान एक आठवडा हात लावायचा नाही. पाणी बदलणं आणि घाण काढणं, एवढ्यापुरतंच झाकण उघडायचं. पेटी बदललीस की हा आठवडा नव्यानं मोजायचा. त्यानंतर खायला दे. ओळीनं तीन वेळा व्यवस्थित खाल्लं की मग हातात घ्यायचं, तेही पाच-दहा मिनिटं. खाल्ल्यावर दोन दिवस अजिबात नाही. पोटातलं अन्न बाहेर काढलं तर पिल्लू फार खचतं, मग निदान दहा-बारा दिवस पोटाला विश्रांती द्यावी लागते.

आणि पिंकी अंगठ्याएवढ्या सापाला फारच लहान. त्याच्या अंगाची सर्वांत जाड जागा बघ, तेवढ्याच जाडीचा उंदीर हवा. केस आलेलं, डोळे उघडलेलं पिल्लू घे, त्याला हॉपर म्हणतात.

बोळातला_बंड्या

डॉक्टर, किती दिवस न खाता राहू शकतो? आजीला उत्तर द्यायचंय.

घाटावरची_वैद्य

मोठे बॉल पायथन महिनोन्‌महिने खात नाहीत आणि तरी ठणठणीत असतात. पिल्लांना एवढी सूट नाही, पण दोन-तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यासारखा एक काटा घे, मात्र स्वयंपाकघरातला घेऊ नकोस. आठवड्याला एकदा हाइडसकट उचलून डब्यात ठेवायचं, वजन करायचं, नंतर रिकाम्या हाइडचं वजन वजा करायचं. म्हणजे हात लागत नाही. दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर मला दाखव. तोंड उघडं ठेवून श्वास, नाकपुडीशी बुडबुडे, श्वासाचा शिटीसारखा आवाज, यातलं काही दिसलं तर वजनाची वाट बघू नकोस.

घरात आजी आहेत, लहान मुलं असतील, तर हात साबणानं धुण्याची शिस्त लाव. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला नावाचा जंतू येतो. त्याचं पाण्याचं भांडं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचं नाही.

आजरा_घनसाळ

बंड्या, आईला विचारलंस का रे आणण्याआधी? मी सापाच्या बाजूनं नाही, आईच्या बाजूनं विचारतेय. ते उंदीर कुठं ठेवतोस?

बोळातला_बंड्या

काकू, फ्रीजरमध्ये. काळ्या पिशवीत, वर 'प्रोजेक्ट' लिहिलंय.

आजरा_घनसाळ

आणि श्रावण लागायला आलाय! तुमच्या घरी मटणाचं पातेलं माळ्यावर जाणार आणि फ्रीजरात उंदीर. अरे, ती माउली मटार काढायला गेली की काय होईल?

तांबडा_पांढरा

प्रोजेक्ट 😂😂 आज हसून मेलो.

पन्हाळ्याचं_धुकं

जिवंत उंदीर का नाही देत? खेळ पण होतो.

उद्यमनगरी_फिटर

खेळ होतो उंदराचा. अडकलेला उंदीर सापाला चावतो, डोळ्याला, मणक्याला. साप खायच्या मूडमध्ये नसला तर बसून चावून घेतो. गोठवलेलाच दे. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेव, संध्याकाळी पिशवीतच गरम पाण्यात बुडव. मायक्रोवेव्ह नको. डोक्याकडची बाजू तुझ्या हातापेक्षा गरम लागली पाहिजे, कारण याच्या ओठावर उष्णता ओळखणारे खळगे असतात. गार उंदीर त्याच्या लेखी दगड. लांब चिमट्यानं धर, दिवा मालवून, हाइडच्या तोंडाशी. नाचवू नकोस, जरा हलव. घेतला नाही तर तिथंच ठेवून खोलीबाहेर जा, सकाळी काढून टाक. दुसऱ्या दिवशी परत प्रयत्न करायचा नाही, सात दिवस थांबायचं. नवे लोक रोज पुढं करतात, मग सापाला उंदरापेक्षा चिमट्याचीच भीती बसते.

आणि आईसाठी एक छोटा वेगळा डीप फ्रीजर घे, जुना बाजारात मिळेल.

पन्हाळ्याचं_धुकं

मी परदेशी फोरमवर वाचलंय की दिवसातून दोनदा पाणी फवारा, आर्द्रता ६० ते ७० टक्के पाहिजे. माझा कॉर्न स्नेक आहे, त्याला एवढं लागत नाही, म्हणून विचारतो.

उद्यमनगरी_फिटर

आकडा बरोबर, गाव चुकलं. ते लोक हीटर लावलेल्या कोरड्या खोलीत राहतात. आषाढात कोल्हापूरच्या खोलीतली हवाच ८५-९० टक्के ओली असते. पन्हाळ्याला तर भिंतीला हात लावला तरी ओला होतो. इथं आत्ता फवारलंस तर कोकोपीटला बुरशी, पोटाखाली खपल्या. गारठा आणि ओल एकत्र आली की छातीचा आजार नक्की. पावसाळ्यात इथल्या सापाला पाणी कमी आणि ऊब जास्त लागते. मार्च-एप्रिलात उलटं, तेव्हा झाकणाचा अर्धा भाग झाक, भांडं मोठं ठेव, एका हाइडमध्ये ओलं शेवाळ घाल. मे महिन्यात पारा ३७-३८ वर गेला की मॅट बंद आणि पेटी तळमजल्यावर. जुन्या दगडी घराचा तोच फायदा.

बंड्या, तू तर सध्या कोकोपीटही काढ. सुरुवातीचे काही आठवडे साधा कोरा कागद अंथर. विष्ठा कशी आहे ते कळतं आणि गोचिडीसारखे बारीक काळे किडे असतील तर पांढऱ्यावर लगेच दिसतात. पाण्याच्या भांड्याच्या तळाशी काळे ठिपके आले तर इथं लिही. आणि सॉ मिलचा भुसा आणून टाकू नकोस, फुकट मिळतो म्हणून बरेच जण टाकतात.

शाहूपुरी_सहावी_गल्ली

लाइटचं काय करणार ते पण ठरव. २०१९ च्या महापुरात आमच्याकडं कित्येक दिवस वीज नव्हती. माझ्याकडं तेव्हा कासव नव्हतं की साप, मासे होते, ते गेले. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. मी आता ३९ झाले की तयारीला लागतो. मच्छी मार्केटमधून थर्माकोलचा खोका आणून ठेव, झाकणाला भोकं पाड. लाइट गेली की साप कापडी पिशवीत, पिशवी खोक्यात, शेजारी टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. गरम नाही, कोमट. इन्व्हर्टर असेल तर मॅटला फार वॅट लागत नाहीत.

कवड्या

झाकणाचं कुणी बोललं नाही. जाळीचं झाकण नुसतं ठेवलेलं असेल तर हा डोक्यानं उचलून निघून जाईल. रात्रभर नाक घासतो ते त्याचसाठी. क्लिपा लाव, वर वीट ठेवून भागत नाही. निघून गेलाच तर आधी फ्रीजच्या मागं, इन्व्हर्टरखाली, देवघराच्या मागं बघ, उबेला जातो. दाराच्या फटीत पीठ भुरभुरलं की सकाळी माग दिसतो. आणि बोळात सगळ्यांना आधीच फोटो दाखवून ठेव. नाहीतर शेजारच्यांना दिसला तर घोणस म्हणून काठीनं मारतील, अंगावरचे डाग बघून फसायला होतंच.

बोळातला_बंड्या

अपडेट. नोंदणीचा अर्ज भरला. टँक माळ्याखालच्या छोट्या खोलीत नेला, तीन बाजू झाकल्या, कुंभार गल्लीतून दोन कुंड्या आणल्या, थर्मोस्टॅट लावला. मित्रांना बंदी केली, दोघं रुसलेत. फ्रीजरचं आईला सांगितलं. त्यावर काय बोलणं झालं ते इथं लिहीत नाही. जुना फ्रीजर बघतोय.

पहिल्याच रात्री गरम कुंडीत शिरला आणि नाक घासणं बंद! पण आता दिसतच नाही. मेला की काय म्हणून रोज कुंडी उचलून बघावीशी वाटते.

घाटावरची_वैद्य

उचलू नकोस. दिसत नाही ही चांगली बातमी आहे. रात्री लाल नाही, कुठलाच दिवा न लावता दाराच्या फटीतून बघ. कागदावर सुरकुत्या पडल्या, भांडं सरकलं, म्हणजे फिरतोय.

रायडर_९

मग पाळायचा कशाला? दिसत नाही, हातात घ्यायचा नाही. मासे बरे.

आजरा_घनसाळ

रायडर, पहिल्यांदाच तुमचं पटलं.

उद्यमनगरी_फिटर

प्रश्न रास्त आहे, टिंगल नाही करत. ज्याला अंगाखांद्यावर खेळणारा प्राणी हवा त्यानं साप आणू नये. मला रात्री अकरा वाजता कुंडीतून बाहेर आलेलं डोकं आणि लपलपणारी जीभ बघायला आवडते, त्याला मी दिसत नसतो तेव्हा. आणि हे काम लांबचं आहे. वीस-तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात एका मादीनं २०२० साली अंडी घातली तेव्हा ती साठीच्या पुढं होती, आणि कित्येक वर्षांत तिच्याजवळ नर नव्हता. बंड्या, लग्न होऊन घरात येणारी बायको या सापाला तुझ्याबरोबर वाटून घेणार आहे, ते आधीच सांगून ठेव.

बोळातला_बंड्या

दादा, लग्नाचं नंतर बघू. नवीन भानगड. उद्या नागपंचमी. गल्लीत कळलंय. तीन-चार काकू दूध-लाह्या घेऊन यायच्यात म्हणे, "जित्ता नाग घरात असताना मातीचा कशाला?" आजी एकदम सापाच्या पार्टीत गेलीय, ती हळदकुंकू घेऊन बसलीय. काय सांगू?

कवड्या

स्पष्ट नाही म्हण. दूध सापाचं अन्न नाही. गारुडी आधी उपाशी-तहानेला ठेवायचा, म्हणून तो समोर येईल ते प्यायचा. हळदकुंकू डोळ्यांत, खवल्यांत जातं. बत्तीस शिराळ्याच्या जिवंत नागांचा विषय कोर्टापर्यंत गेला तो उगीच नाही. आणि काकूंना सांग, हा नागच नाही, याला फणा नाही.

आपल्याच जिल्ह्यात चंदगड तालुक्यात ढोलगरवाडीला बाबूराव टक्केकर सरांनी शाळेत सर्पशाळा उभी केली. तिथं नागपंचमी म्हणजे साप ओळखायचा दिवस. पूजा करायचीच तर पोरांना घोणस आणि मण्यार यांतला फरक दाखवा, पावसाळ्यात कुणाचातरी जीव वाचेल.

आजरा_घनसाळ

कवड्या, भाषण बरोबर आहे, पण बायकांसमोर असं बोललात तर त्या खोलीत घुसतीलच. बंड्या, आजीला पुढं कर. पाटावर चंदनानं नाग काढायचा, मातीचा नाग असेलच, तिथं पूजा. उपासाच्या घरात त्या दिवशी काही चिरायचं नाही, तळायचं नाही, जमीन खणायची नाही, असं आपणच पाळतो ना? मग जिवंत सापाला त्या दिवशी छळायचं कसं, एवढंच आजीनं विचारायचं. बघ कुणी बोलतं का.

बोळातला_बंड्या

काकू, तुम्ही महान. आजीनं दारातच सांगितलं, "त्यालाबी आज पंचमी हाय, निजू दे. पाटावरल्याला ओवाळा आन् दिंड खाऊन जावा." सगळ्या दिंड खाऊन गेल्या. कुणी खोलीकडं फिरकलं नाही.

काल रात्री मात्र खायला दिलं, घेतलं नाही. आणि आज बाहेर दिसला तर डोळे दुधाळ निळे, अंग राखाडी. आंधळा होतोय का??

घाटावरची_वैद्य

कात टाकणार आहे. जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव साठतो, डोळ्यावरच्या खवल्याखालीही, म्हणून निळसर दिसतं. या काळात त्याला नीट दिसत नाही, चिडका होतो, बरेच जण खातही नाहीत. थोड्या दिवसांनी डोळे परत स्वच्छ दिसतील आणि तुला वाटेल काहीच झालं नाही. त्यानंतर काही दिवसांत कात पडते. हात लावू नकोस, कात ओढून काढू नकोस. एका डब्यात ओलं शेवाळ ठेवून ओली हाइड दे, एवढी ओल आषाढ-श्रावणातही चालते. पडली की कात उलगडून बघ. डोळ्यांच्या दोन्ही गोल चकत्या त्यात असल्या पाहिजेत. तुकड्यातुकड्यांनी पडली तर सांग.

खायचा पुढचा प्रयत्न कात पडल्यावरच.

बोळातला_बंड्या

कात पडली! नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध, डोळ्यांच्या चकत्यांसकट. आजीनं ती मागून घेतली, धान्याच्या कणगीत ठेवायची म्हणे. मी नको म्हणालो.

घाटावरची_वैद्य

बरं केलंस. साल्मोनेला आठव. फ्रेम करून भिंतीला लाव.

बोळातला_बंड्या

खाल्लं!!! कात पडून दोन दिवस गेल्यावर दिलं. दिवा बंद, गरम केलेला हॉपर कुंडीच्या तोंडाशी धरला. आधी जीभ बाहेर, मग डोकं, मग इतक्या वेगानं झडप घातली की चिमटा माझ्या हातातून सुटला. वेटोळं आवळून बराच वेळ बसला, नंतर डोक्याकडून गिळला. आई दारात उभी होती. म्हणाली, "झालं का एकदाचं जेवण," आणि गेली. गेल्या वजनापेक्षा थोडं वाढलंय, उंदराचं वजन वजा करून.

तांबडा_पांढरा

पार्टी पाहिजे भावा. श्रावण संपल्यावर.

रायडर_९

अभिनंदन. आता तरी हातात घे.

घाटावरची_वैद्य

अजून दोन जेवणं. रायडर, तुम्ही पण थांबा.

शाहूपुरी_सहावी_गल्ली

बंड्या, तुझं घर मिरवणुकीच्या रस्त्याला लागून आहे ना? गणपती आले. अनंत चतुर्दशीला महाद्वार रोडवर साउंड सिस्टिमच्या भिंती उभ्या राहिल्या की आमच्या खिडक्यांच्या काचा वाजतात, मी तर रस्त्यापासून लांब राहतो. जमिनीतून हादरे जातात असं वर लिहिलंयच.

बोळातला_बंड्या

अरे हो. हे डोक्यातच नव्हतं. खोली मागच्या बाजूला आहे पण फरशी तर एकच. कुणाकडं नेऊन ठेवू का दोन दिवस?

उद्यमनगरी_फिटर

नेण्या-आणण्यानं परत सगळं पहिल्यापासून होईल. पेटी घरातच ठेव, पण भिंतीपासून चार बोटं लांब आणि पायाखाली जाड रबर. मशीनखाली टाकायचे अँटी-व्हायब्रेशन पॅड माझ्याकडं पडून आहेत, तुझ्या टँकला चार पुरतील. वर चादर टाक, त्या आठवड्यात खायला देऊ नकोस, नाहीतर ओकेल. सवडीनं ये उद्यमनगरला आणि घेऊन जा, पैसे नकोत. आणि येताना टँकची मापं लिहून आण. हा वर्षभरात त्यात मावणार नाही, पीव्हीसी शीटची चार फुटी पेटी करायला घेऊ, समोर सरकती काच आणि शोकेसचं कुलूप.